खाणावळीची बाकी

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना आम्हां दोघांत एका शब्दावरून वाद झाला. कोणा विद्यार्थ्याने 'खाणावळ' असे लिहिले होते आणि आमच्यापैकी एकाच्या हातून त्या 'णा'खाली लाल रेघ ओढली गेली होती. दुसरीने ती रेघ खोडली. एकाचे म्हणणे असे, की पाट्यांवर, वर्तमानपत्रांत, बोलण्यात सर्वत्र 'खानावळ' आहे. दुसरीचे म्हणणे, शिवणे-शिवणावळ, धुणे-धुणावळ, घडणे-घडणावळ, तसे खाणे-खाणावळ; 'न' आला तो हिंदीतल्या खान्याच्या संगतीने. वाद इथे संपायला हरकत नव्हती. पण शिवणावळ म्हणजे शिवण्याची मजुरी आणि धुणावळ म्हणजे धुण्याची. त्या न्यायाने खाणावळ म्हणजे आधी खाण्याचे पैसे, आणि मग ते पैसे देऊन जिथे खायचे ती जागा. यावर पहिल्याने 'जेवणावळ' पुढे केली. जेवणावळीत कोण कोणाला पैसे देतो? तिथली 'आवळ' पंगतीची, ओळीची, दीपावलीतल्या आवलीच्या गोत्रातली. मग खाणावळीतलीही तीच का नसावी? रात्री उशिरापर्यंत कोश उघडेच होते. शेवटी विद्यार्थ्याचा कापलेला अर्धा गुण त्याला परत दिला आणि दिवा मालवला. झोप मात्र दोघांनाही आली नाही. 'खाण्याचे पैसे' हे शब्द उच्चारताच दोघांनाही एकच जागा आठवली होती, आणि दोघांनीही तसे बोलून दाखवले नव्हते.

ती जागा म्हणजे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली एक खाणावळ. २००१ ते २००३ या दोन वर्षांत आम्ही सोलापुरात मराठीचे एम. ए. करीत होतो. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते २००४ साली. आमच्या पदव्यांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. आमच्यापैकी एक मंगळवेढ्याकडचा, दुसरी बार्शीकडची. खाणावळ चालवणारे कुटुंब कानडी बोलणारे, लिंगायत. मालकांना सगळे अप्पा म्हणत, त्यांच्या पत्नीला अव्वा. खाणावळीचे नाव इथे देत नाही. ते का, हे पुढे कळेलच.

दाराशी दोन पायऱ्या, आत शहाबादी फरशी, भिंतीलगत अरुंद लाकडी बाके आणि त्यांच्यापुढे तितकीच अरुंद मेजे. भिंतीवर बसवेश्वर आणि सिद्धरामेश्वर यांच्या तसबिरी, त्यांच्या मधोमध एका अडत दुकानाची दिनदर्शिका. मागल्या खोलीत अव्वा आणि आणखी दोन बाया भाकरी थापीत. तो थापटण्याचा आवाज बाहेर सतत ऐकू येई आणि तो थांबला की जेवणारे मान वर करून दाराकडे पाहत. ताटात ज्वारीची भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी, बहुधा मटकी किंवा भरले वांगे, कांदा, आणि शेंगदाण्याची चटणी. ही चटणी सोलापूरबाहेर दाण्याच्या कुटात तिखट कालवून करतात तसली नव्हे. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, हाताला किंचित चिकटणारी. ती दह्यात कालवायची की वरून कच्चे तेल घ्यायचे यावर पंथभेद होते. गरम भाकरी संपली तर टोपलीतली कडक भाकरी, पापडासारखी मोडणारी. शेवटी भात, आमटी, ताक. अमावास्येला गव्हाची हुग्गी, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास शेंगापोळी. ताटावर आडवा हात धरून 'साक' म्हणेपर्यंत वाढपी वाढत राही. 'पुरे' हा शब्द तिथे चालत नसे असे नाही, पण 'साक' म्हटले की तो लवकर थांबे.

अशा खाणावळींचे आणि सोलापूरचे नाते जुने आहे. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. मग आणखी गिरण्या आल्या, आणि त्यांच्या भोंग्यांनी तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसे ओढून आणली. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर पुष्कळसे कुटुंबकबिल्यासह आले आणि इथलेच झाले. पण एकटे आलेलेही खूप. एकट्या माणसाला चूल नसते. मुंबईच्या गिरणगावात अशा एकट्या माणसांना खाणावळवाल्या बायकांनी आपापल्या खोलीतून जेवू घातले. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच बायकांचे. दाणागोटा उसना आणायचा, महिनाभर रांधायचे आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहायची, या फेऱ्यातून त्यांची सुटका व्हावी म्हणून. सोलापूरच्या बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आम्ही जेवू लागलो तेव्हा बाकांवर गिरणी कामगार उरले नव्हते. त्यांच्या जागी यंत्रमागावरचे मजूर होते, बाजारातले हमाल होते, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी होते आणि आम्ही होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मात्र वाढपी अजून 'जॉबर' म्हणे.

अमेरिकेतल्या जुन्या वस्त्यांतली इटालियन उपाहारगृहे आपल्याला इंग्रजी चित्रपटांतून ओळखीची झाली आहेत: चौकड्यांचे टेबलक्लॉथ, भिंतीवर मागे सोडलेल्या गावाचे चित्र, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणारा मालक. दक्षिण इटलीतून बायकामुले मागे ठेवून आलेल्या मजुरांना राहायला आणि जेवायला देणारी घरे होती, आणि त्यांतलीच काही पुढे अशी उपाहारगृहे झाली. तिथे मिळणारे स्पगेटी आणि खिम्याचे गोळे हे पक्वान्न इटलीत त्या रूपात कोणी वाढीत नाही म्हणतात. ते परमुलखातच जन्मले. आमच्या खाणावळीतले ताटही असेच होते. ते विजापूरकडच्या घरातले नव्हते आणि मंगळवेढ्याकडच्याही घरातले नव्हते. शब्दांचा प्रवासही उलटसुलट. विजापूर-हुबळीकडच्या पाट्यांवर कानडी लिपीत 'खानावळि' असते. शब्द मराठीने दिला आणि कानडी माणसाने त्या शब्दाखाली सोलापुरात मराठी माणसाला जेवू घातले. संस्कृत-मराठीची सरमिसळ करून लावण्या रचणाऱ्या राम जोशींच्या गावात याचे नवल वाटायचे कारण नाही.

असो. आम्ही 'जेवू लागलो' असे वर लिहिले, पण ते तितके खरे नाही. बाकावर बसून जेवणारा आमच्यापैकी एकच. दुसरी मुलींच्या वसतिगृहात राहत असे आणि तिला एका वेळचा डबा जाई. बायकांनी आत बसून जेवू नये असा काही नियम लिहिलेला नव्हता. अप्पांनीही कधी नको म्हटले नाही. पण दोन वर्षांत त्या बाकावर बसलेली एकही बाई आम्हांला आठवत नाही. बाया आतल्या खोलीत होत्या, भाकरी थापीत. डबा पितळी, तीन पुडांचा, कल्हई केलेला. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेले, कानडी लिपीत. अव्वांच्या माहेरचा असावा. ते नाव आमच्यापैकी जिला रोज दिसे तिला वाचता येत नसे, आणि ज्याला अडखळत का होईना वाचता आले असते त्याने तो डबा कधी जवळून पाहिला नव्हता.

हिशेबाची लाल कापडी बांधणीची लांबट वही अप्पांच्या मांडीवर असे. महिन्याच्या गिऱ्हाइकाला 'मेंबर' म्हणत. जेवायला येणार नसलात तर आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे खाडा धरला जाई आणि तेवढे पैसे वजा होत. सुरुवातीला आमची दोन पाने होती. अप्पांनी ती केव्हा एक केली ते कळले नाही, पण आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी आमची नावे एका पानावर आली ती त्या वहीत.

२००३ साल दुष्काळाचे. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी नावाजलेली, पण रब्बीची ज्वारी ओलीवर येते आणि ओलच नव्हती. गावाकडे जनावरे छावणीत गेली. घरून येणारे पैसे आधी उशिरा येऊ लागले, मग यायचे थांबले. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांचे आमचे दोघांचे मिळून १,७०० रुपये झाले. खाड्यांचे २६० वजा. १०० रुपये कसेबसे दिले. बाकी १,३४०. अप्पांनी एकदाच विचारले, "मास्तर, बाकीचं बघा की जरा." परीक्षा झाली की देतो, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली.

त्यानंतर जेवण बदलले. ताटात काही फरक पडला नव्हता. पण तिसरी भाकरी मागायला जीभ रेटेना. वाढपी नेहमीसारखा न विचारता वाढी. ते वाढणे आता उपकारासारखे वाटू लागले. आडवा हात लवकर जाऊ लागला, 'साक' लवकर येऊ लागले. वसतिगृहावर येणाऱ्या डब्यातली चटणी नेहमीपेक्षा जास्त भासू लागली, आणि ती खरोखर जास्त होती की तसे वाटत होते हे कळायला मार्ग नव्हता. ज्या जेवणाची खाणावळ चुकती केलेली नसते ते जेवण भिक्षा तरी होते नाहीतर पाहुणचार. आम्हांला दोन्ही नको होते आणि तिसरे परवडत नव्हते.

मराठी वाङ्मयात खाणावळ आणि मेस बहुधा विनोदाला राबवल्या गेल्या: पाण्यासारखी आमटी, मोजून पोळ्या, खाष्ट मालकीणबाई. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर मेसचा सेक्रेटरी होतो आणि पैशांच्या फेऱ्यात सापडतो, तिथे तो विनोद एकाएकी कडू होतो. पण ती मेस विद्यार्थ्यांचीच होती. दुसरी तऱ्हा भावविवशतेची. परगावी जेवू घालणारी ती माऊली, घरची चव, मायेचा घास. 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटीही त्याच घराण्यातली. आम्हीही वर्गात अशा माऊल्यांविषयी गदगदून बोललो आहोत. पण खाणावळीचा मोठेपणा ती घर नसण्यात आहे असे आम्हांला आता वाटते. घरी जेवताना कोणी विचारते, उशीर का झाला, पेपर कसा गेला, नोकरीचे काय. घरच्या जेवणाची परतफेड आयुष्यभर चालते. खाणावळीत हमाल आणि एम. ए.चा विद्यार्थी शेजारी बसतात, तेच ताट जेवतात, पैसे टाकतात आणि उठतात. पैसे दिले की कोणाचे काही देणे लागत नाही. कृतज्ञताही देणे लागत नाही. गरीब माणसाला हे फार मोलाचे असते. युरोपीय भाषांतला 'रेस्टॉरंट' हा शब्द अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्त माणसाला ताकद आणणाऱ्या कढणासाठी होता. त्यांचा शब्द कढणावरून आला. आमचा शब्द, आमच्यापैकी एकीची व्युत्पत्ती खरी मानली तर, पैशावरून आला, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मे महिन्यात परीक्षा संपली आणि आम्ही सोलापूर सोडले. निरोप घ्यायला गेलो नाही. गेलो असतो तर बाकी निघाली असती. पुढे तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकवले. मानधन वर्षअखेरीस, तेही तुकड्यातुकड्याने. पहिल्या वर्षी पैसे नव्हते. दुसऱ्या वर्षी लग्न झाले. तिसऱ्या वर्षी पैसे होते, पण आता नुसते १,३४० घेऊन कसे जायचे असे वाटले. काही काळ गेला की देणे वाढते ते व्याजाने नव्हे. कायम नोकरी लागल्यावर विद्यापीठाच्या कामांसाठी सोलापूरला वारंवार जाणे होऊ लागले. विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर. शहरात शिरायची गरज नाही, हे कारण सोयीचे होते. शहरात काम निघालेच तर शुक्रवार पेठ टाळून जायचे रस्ते आम्हांला पाठ झाले होते. वर्गात ऋण, उतराई, अन्नदाता असे शब्द कवितेत आले की त्यांचे स्पष्टीकरण आम्ही उत्तम करीत असू.

त्या 'णा'च्या वादानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. पाकिटात दहा हजार रुपये घातले होते. आकडा कसा ठरवला ते सांगता येत नाही. लाज वाटू नये इतका मोठा असावा, एवढेच डोक्यात होते.

खाणावळ होती. पाटी फ्लेक्सची झाली होती, पाण्याला यंत्र आले होते, गल्ल्यावर फोनने पैसे द्यायचा चौकोनी ठिपक्यांचा फलक होता. फरशी तीच. अप्पांची तसबीर बसवेश्वरांच्या ओळीत पण हातभर खाली, हार घातलेली. गल्ल्यावर सून होती. बाकांवर कॉलेजच्या चार मुली जेवत बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. आमच्यापैकी दुसरी त्या बाकावर आयुष्यात पहिल्यांदा बसली. भाकरी आली, वाफ निघणारी. तिने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मी कधी जेवलेच नव्हते." डब्यातून वसतिगृहावर पोचेपर्यंत भाकरी गार होई, वातड होई, दोन वर्षे तिने तीच खाल्ली होती. ज्या जेवणाला आम्ही वीस-बावीस वर्षे 'आपले' म्हणत आलो ते दोघांचे एक नव्हतेच, हे आम्हांला ताटावर बसल्यावर कळले.

दोन ताटांचे पैसे देताना सुनेला सांगितले. तिने ऐकून घेतले, आत गेली आणि अव्वांना हात धरून बाहेर आणले. अव्वा ऐंशीच्या आसपास असतील. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले.

"आठवत नाही बघा," त्या म्हणाल्या. "लई पोरं जेवून गेली."

आम्ही सांगू लागलो: मास्तर म्हणायचे, डबा वसतिगृहावर जायचा, दुष्काळाचे वर्ष. त्यांनी मान हलवली नाही. वीस वर्षे आम्ही अशी कल्पना केली होती की त्या घरात आमचे नाव निघत असेल. पैसे बुडवून गेले म्हणून का होईना, निघत असेल. वहीचे विचारले तर म्हणाल्या, "कुठली वही? अप्पा गेल्यावर सगळं रद्दीत घातलं." मग थोड्या वेळाने, "किती होतं म्हणता?"

"तेराशे चाळीस."

"द्या मग."

पाकीट पुढे केले. त्यांनी उघडून पाहिले आणि सुनेकडे दिले. सुनेने नोटा पाहिल्या, मोजल्या नाहीत, पाकीट परत आमच्यासमोर ठेवले. व्याज म्हणून ठेवा, असे आम्ही म्हणालो. नको तर एखाद्या गरजू मुलाच्या जेवणाला लावा.

"ते दासोहाला द्या, मठात," अव्वा म्हणाल्या. "इथं खाणावळ हाय." त्यांनी 'न' म्हटले की 'ण', ते भांड्यांच्या आवाजात आम्हांला ऐकू आले नाही.

आमच्याकडे पाचशेच्याच नोटा होत्या आणि गल्ल्यात सुटे नव्हते. सून म्हणाली, फोनवरून करा की. आम्ही आकडा घातला, आणि गल्ल्यावरची ती छोटी डबी सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, एक हजार तीनशे चाळीस रुपये मिळाले. कॉलेजच्या मुलींनी वर पाहिले. दोन माणसांचे एवढे बिल कसे झाले, असे त्यांना वाटले असावे. अव्वांनी त्या डबीकडे पाहून मान डोलावली. आम्ही पाया पडायला वाकलो तर त्या सरकून म्हणाल्या, "बाक मोकळा करा, माणसं उभी हायत."

परतीच्या एस. टी.त पुन्हा वाद झाला. एकाचे म्हणणे, २००३ चे तेराशे चाळीस आणि आजचे तेराशे चाळीस हे एक नव्हेत. तेव्हा त्या पैशात दोघांचे दीड महिन्याचे जेवण होत होते, आज सहा दिवसांचेही होणार नाही. अव्वांना हे कळले नसेल असे नाही. दुसरीचे म्हणणे, त्यांनी आकडा घेतला, किंमत घेतली नाही, आणि आपण आता त्यावर टीका लिहीत बसू नये. मोहोळ येईपर्यंत दोघेही गप्प होतो. तिथे गाडी थांबली तेव्हा एकदमच आठवले, डबा.

तो पितळी डबा २००३ च्या मे महिन्यात वसतिगृहातून सामानाबरोबर आला तो आजवर आमच्याकडे आहे. कल्हई उडाली आहे, म्हणून त्यात आंबट काही ठेवत नाही. वरच्या पुडात सुया-दोरे आहेत. घरी आल्यावर झाकण खिडकीशी नेऊन ती टिंबे प्रथमच लावून वाचली. नाव अव्वांचेच आहे, आणि खाली गावाचे नाव, अक्कलकोट तालुक्यातले. अजून तो नेऊन दिलेला नाही.